रझाकारी, पोलीस अ‍ॅक्शन आणि नंतरचे मौन

दरवर्षी 17 सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. शाळांतून झेंडावंदन होते, हुतात्म्यांच्या स्तंभांना पुष्पचक्रे वाहिली जातात, स्वामी रामानंद तीर्थांचे कृतज्ञतेने स्मरण केले जाते. हे उचितच आहे. परंतु या इतिहासाकडे केवळ विजयोत्सव म्हणून पाहिले, तर त्याने दिलेले अर्धे शिक्षण हातचे निसटते. दहशत कशी जन्माला येते, ती मोडण्यासाठी सैन्य धाडले म्हणजे काय घडते आणि नंतर मागे काय उरते, हे तीन प्रश्न आज साऱ्या जगापुढे आहेत. त्यांचा अभ्यास करण्यास मराठवाड्याच्या माणसाला दूर जाण्याची गरज नाही.

दहशतीची मुळे

रझाकारांची दहशत 1947 साली अचानक आकाशातून कोसळली नाही. तिची मुळे दीडशे वर्षे मागे जातात. 1798 साली निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला. राज्याचे रक्षण परकी फौजेकडे गेले. पडेगावला लागून असलेली छावणी ही त्याच काळाची खूण होय. ज्या राजाच्या गादीला परकी संगिनींचा आधार असतो, त्याला प्रजेची संमती मिळविण्याची निकड भासत नाही. हैदराबाद संस्थानात नेमके हेच घडले. सुमारे 85 टक्के प्रजा हिंदू होती. लोकांच्या भाषा तेलुगू, मराठी व कानडी होत्या. परंतु कारभाराची भाषा उर्दू आणि वरिष्ठ अधिकारपदे मुख्यतः एका लहानशा उच्चभ्रू वर्गाच्या हाती. जहागिरींतील रयतेची स्थिती तर अधिकच बिकट. गरीब मुसलमान विणकर किंवा शेतमजूर या सत्तेचा भागीदार नव्हता, हेही येथेच नमूद केले पाहिजे.

1938 साली स्थापन होत असतानाच हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि ती 1946 पर्यंत टिकली. सनदशीर मागणीचे दार असे बंद झाले, की भूमिगत मार्ग आपोआप खुले होतात. दुसऱ्या बाजूला, 1927 साली स्थापन झालेल्या इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेची सूत्रे 1946 साली लातूरचे वकील कासीम रझवी यांच्याकडे आली आणि रझाकार हे तिचे सशस्त्र दल फोफावले. इंग्रज निघून गेल्यावर आपला वर्ग निराधार होईल, ही भीती त्याचे इंधन होती. सरकारने या खाजगी फौजेला आवर घातला नाही. उलट तिचा आधार घेतला. कायदा राखणाऱ्यानेच कायद्याबाहेरचे हात वापरले, की दहशतवाद हे राज्यकारभाराचे साधन होऊन बसते.

29 नोव्हेंबर 1947 रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. पण शांतता आली नाही. गावे लुटली गेली, माणसे मारली गेली. बीदर जिल्ह्यातील गोरटा गावात मे 1948 मध्ये झालेले हत्याकांड आजही त्या भागात विसरले गेलेले नाही. अनेक कुटुंबे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेली. सरहद्दीवरील शिबिरांतून स्टेट काँग्रेसचे तरुण करोडगिरी नाक्यांवर व पोलीस ठाण्यांवर हल्ले चढवीत, तर तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होता. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील होण्याचा पुरस्कार केला, म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबाद शहरात त्यांची निर्घृण हत्या झाली. दहशतीला धर्म नसतो, असे आपण सहज बोलून जातो. या मुसलमान पत्रकाराने ते रक्ताने सिद्ध केले.

पाच दिवस

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य अनेक बाजूंनी संस्थानात शिरले. सोलापूरकडून निघालेल्या मुख्य तुकडीचे नेतृत्व मेजर जनरल जे. एन. चौधरी करीत होते. औरंगाबादेवर, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरावर, सैन्य पश्चिमेकडून चालून आले आणि दुसऱ्याच दिवशी शहराने शरणागती दिली. 17 तारखेस निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती अल इद्रूस यांनी रीतसर शरणागती पत्करली.

हा परकी हस्तक्षेप होता काय? निजामाच्या सरकारने तसेच मानून संयुक्त राष्ट्रसंघाकडे तक्रार नेली होती; 16 सप्टेंबरला सुरक्षा समितीत तिचा विचारही झाला. भारताच्या दृष्टीने हा देशांतर्गत सुव्यवस्थेचा प्रश्न होता. म्हणूनच रणगाडे व विमाने वापरूनही कारवाईला ‘पोलीस अ‍ॅक्शन’ हे नाव मिळाले. नाव काहीही असो, बहुसंख्य प्रजेला ती हवी होती आणि म्हणूनच ती पाच दिवसांत संपली. अफगाणिस्तानात 2001 साली उतरलेल्या परकी फौजा 2021 साली बाहेर पडल्या, तेव्हा ज्या तालिबानला हटविण्यासाठी त्या आल्या होत्या तेच पुन्हा सत्तेवर आले. शस्त्रबळात त्या फौजा कमी नव्हत्या; जनतेच्या संमतीतून उभी राहिलेली राज्यव्यवस्था मात्र त्यांना देता आली नाही.

सहाव्या दिवसापासून

येथवरचा इतिहास आपण सांगतो. पुढचा सांगत नाही. रझाकारांचा जोर संपताच अनेक जिल्ह्यांत सूडाची लाट उसळली आणि ती मुख्यतः निरपराध मुसलमान कुटुंबांवर कोसळली. वाढत्या तक्रारी ऐकून भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना चौकशीसाठी पाठविले. नोव्हेंबरअखेरीपासून 21 डिसेंबर 1948 पर्यंत त्यांनी सोळापैकी नऊ जिल्हे पाहिले. पोलीस कारवाईच्या काळात व नंतर 27,000 ते 40,000 माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांत झाली. औरंगाबाद व बीड हेही सुटले नाहीत. सैन्याची शिस्त सामान्यतः चांगली होती असे म्हणतानाच, काही ठिकाणी सैनिकांनीही हत्येत भाग घेतल्याचे त्यांनी स्पष्टपणे लिहिले. आणि त्याच अहवालात, बाहेरून आलेल्या टोळ्यांपासून मुसलमान विणकरांना वाचविताना प्राण गमावणाऱ्या हिंदू विणकरांचीही नोंद आहे.

हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. अभ्यासकांना तो खुलेपणी पाहावयास मिळाला तो 2013 च्या सुमारास, म्हणजे पासष्ट वर्षांनी.

चांगली फळेही आली. 1949 साली जहागिरी रद्द झाल्या. 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, 1952 साली निवडणुका झाल्या, 1958 साली मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले. दहशतीची मुळे खऱ्या अर्थाने खणली ती या कामांनी. सैन्याने दार उघडले. घर बांधले ते कायद्याने, मताने व शाळेने.

न्याय्य युद्धाचा विचार संत ऑगस्टीन व संत थॉमस अक्विनास यांनी मांडला, तेव्हा कारण न्याय्य असावे आणि हेतूही शुद्ध असावा, अशी दुहेरी अट घातली. 1948 मध्ये कारण न्याय्य होते, असे मला वाटते. परंतु न्याय्य कारणाच्या आडोशाने सूड शिरतो तेव्हा ती अट मोडते, आणि त्या वेळी गप्प बसणारेही त्यात सामील होतात. पोप तेविसावे योहान यांनी 1963 च्या आपल्या शांतिविषयक परिपत्रकात शांतीचे चार आधार सांगितले: सत्य, न्याय, प्रीती व स्वातंत्र्य. मराठवाड्याला 1948 साली स्वातंत्र्य मिळाले. सत्याला मात्र फार वाट पाहावी लागली.

रझाकारीचे दिवस प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. आपल्या धर्मग्रामातील तरुणांनी, विशेषतः शिक्षकांनी, त्यांच्याजवळ बसावे. हिंदू आजीचे ऐकावे आणि मुसलमान आजोबांचेही ऐकावे. दोन्ही एकाच वहीत लिहून ठेवावे. 17 सप्टेंबरला हुतात्म्यांसाठी प्रार्थना करताना 18 सप्टेंबरनंतर मारल्या गेलेल्यांसाठीही प्रार्थना करावी. त्यांच्या नावांचा स्तंभ कुठल्याही चौकात नाही.