तडा जातो तो थंड होताना

दोन रंगांच्या काचांचे तुकडे भट्टीत शेजारी ठेवा. साधारण ८०० अंश सेल्सिअसला ते एकजीव होतात. खरी परीक्षा त्यानंतर, थंड होताना. प्रत्येक काच आपापल्या प्रमाणात आकसते. ते प्रमाण जुळलं नाही, तर सांध्यावर ताण येतो आणि तडा जातो; कधी लगेच, कधी काही दिवसांनी.

हॅम्बुर्गमध्ये १९३६ साली जन्मलेला क्लाउस मोये याच अडचणीशी झगडत होता. रंगीत काच कापायची, पट्ट्या रचायच्या, भट्टीत जोडायच्या, मग घासून चकचकीत करायच्या, ही त्याची पद्धत. पण एकमेकांशी पटणारे रंग मोजकेच!

१९७९ साली तो अमेरिकेतल्या पिलचक काचशाळेत गेला. तिथे त्याची गाठ पोर्टलंडच्या ‘बुल्सआय’वाल्यांशी पडली. १९७४ साली सुरू झालेला त्यांचा कारखाना सुरुवातीला जुन्या बाटल्या वितळवून काचेचे तक्ते बनवायचा. आता त्यांनी सारख्या प्रमाणात आकसणारे रंग करायला घेतले.

चाचणी सोपी आहे. पारदर्शक काचेवर रंगीत तुकडा वितळवून जोडायचा आणि दोन पोलराइज्ड फिल्टरांमधून बघायचा. तुकड्याभोवती उजेडाची कड दिसली, तर ताण आहे. तो रंग बाद.

१९८२ साली मोये ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या कलाशाळेत काचविभाग उभा करायला गेला. ‘बुल्सआय’ची काच तिथेही पोहोचली. आता त्याच्या एका थाळीत कितीतरी रंग एकमेकांना खेटून बसू शकत होते, तडा न जाता.