अस्थानी गर्भ : लवकर निदान (कन्नड तालुका)

गर्भाशयाच्या पोकळीबाहेर रुजलेला गर्भ. 100 गर्भारपणांत 1 ते 2 वेळा असे घडते. यांतले 90 टक्क्यांहून अधिक गर्भ गर्भनलिकेत असतात. बोलण्यात ‘गर्भ नळीत राहिला’ म्हणतात. तो तिथे वाढू शकत नाही, गर्भाशयात हलवताही येत नाही. बहुधा शेवटच्या पाळीपासून 6 ते 8 आठवड्यांत नळी फुटण्याचा धोका असतो.

आशाताईंकडच्या ‘निश्चय’ किटवर दोन रेघा उमटल्या की दिवस गेल्याचे कळते, गर्भ कुठे आहे ते कळत नाही. पाळी चुकल्यावर ओटीपोटात एका बाजूला दुखणे आणि काळपट डाग जाणे, ही लक्षणे ‘पाळी उशिरा आली’ म्हणून अंगावर काढली जातात. भोवळ, थंड घाम, खांद्याच्या टोकाशी दुखणे म्हणजे पोटात रक्त साचत असू शकते. बाहेर दिसणाऱ्या रक्तावरून आतला स्राव कधीच जोखू नये.

आधी अस्थानी गर्भ, नळीचा जंतुसंसर्ग किंवा क्षय झालेल्यांना धोका जास्त. नसबंदी झालेल्या बाईची पाळी चुकली तर ‘ऑपरेशन झालंय, दिवस कसे जातील?’ म्हणून किटच वापरले जात नाही. पण नसबंदीनंतर राहिलेला गर्भ नळीत असण्याची शक्यता बरीच असते. मात्र अनेकींमध्ये असे कोणतेच कारण सापडत नाही.

निदान योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीने होते. रिपोर्टात ‘गर्भाशय रिकामे’ आले तर गर्भ अजून फार लहान असेल, पडून गेला असेल किंवा अस्थानी असेल. अशा वेळी रक्तातील बीटा एचसीजी (गर्भारपणाचे संप्रेरक) 48 तासांनी पुन्हा तपासतात. ते अपेक्षेइतके न वाढणे हा इशारा असतो. दुसऱ्या तपासणीला न जाणे, ही यातली सर्वांत महाग पडणारी चूक.

सोनोग्राफीशिवाय मेडिकलमधून आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या घातक ठरतात. त्यांनी नळीतला गर्भ पडत नाही, पण रक्त जाते आणि मोकळे झाल्याचा समज होतो.

कन्नडला ग्रामीण रुग्णालय आहे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय, म्हणजे घाटी, सुमारे 60 किलोमीटरवर. नळी फुटल्यावर हे अंतर फार होते; संशय येताच 108 बोलवावी. नळी शाबूत आणि गर्भ लहान असेल तर काहींना मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनवर भागते. एरवी दुर्बिणीने किंवा पोट उघडून शस्त्रक्रिया करतात. रक्तगट निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे.