पोरं कनिष्ठ, वाढदिवस घोड्यांचा

महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला असतो, हा विनोद जुनाच. भुसावळसारख्या नोकरदारांच्या गावात तो ३१ मेला डोळ्यांना दिसतो. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे त्या संध्याकाळी हारवाल्यांना फुरसत नसते. पोराची जन्मतारीख विचारली, की आई शाळेत सांगायची, ‘आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे झाला.’ शाळा जूनमध्ये भरायची आणि पोरगं सहा वर्षांचं भरायला हवं असायचं. गुरुजी जनरल रजिस्टरात १ जून लिहून मोकळे व्हायचे.

जगभरच्या कनिष्ठ धावपटूंचाही असाच एक कागदी वाढदिवस आहे. जागतिक कनिष्ठ मैदानी स्पर्धेत वय स्पर्धेच्या दिवशी मोजत नाहीत, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मोजतात. त्या दिवशी वीस पूर्ण नसतील तर खेळाडू कनिष्ठ. स्पर्धेचा इतिहास सर्वज्ञात आहे: १९६४ मध्ये वॉर्सात युरोपची कनिष्ठ स्पर्धा, १९८६ मध्ये अथेन्सला पहिली जागतिक, त्याच वर्षी जकार्ताला आशियाई, आणि २०१६ पासून ‘कनिष्ठ’ जाऊन ‘वीस वर्षांखालील’ हे नाव. मला छळतो तो ३१ डिसेंबर.

त्याची गंमत आपल्याच दोन सुवर्णपदकांत आहे. २०२४ पर्यंत भारताच्या नावावर या स्पर्धेची दोनच सुवर्णं राहिली आहेत. (२००० साली सीमा अंतिलने थाळीफेकीत जिंकलेलं सुवर्ण उत्तेजक चाचणीनंतर काढून घेतलं गेलं.) २०१६ मध्ये पोलंडच्या बिडगोश्टला ८६.४८ मीटर भाला फेकणाऱ्या नीरज चोप्राचा जन्म २४ डिसेंबर १९९७ चा. २०१८ मध्ये फिनलंडच्या टाम्पेरेत ४०० मीटर जिंकणाऱ्या हिमा दासचा ९ जानेवारी २००० चा. नीरज आठ दिवस उशिरा जन्मता, तर आणखी वर्षभर कनिष्ठ राहता. हिमा दहा दिवस आधी जन्मती, तर टाम्पेरे हेच तिचं कनिष्ठ म्हणून शेवटचं वर्ष ठरतं.

तर ही रीत आली कुठून? शर्यतीच्या घोड्यांबद्दल वाचताना एक गोष्ट सापडली आणि तेव्हापासून मी तिच्या मागे आहे. उत्तर गोलार्धात शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला असतो. डिसेंबरअखेरीस जन्मलेलं शिंगरू आठवड्यात एक वर्षाचं! म्हणून घोडीचे अकरा महिने मोजून पैदास करतात, शिंगरू १ जानेवारीनंतरच जन्मावं. इंग्लंडात पूर्वी ही तारीख १ मे होती. १८३० च्या दशकात घोडशर्यतींचं केंद्र असलेल्या न्यूमार्केटने ती १ जानेवारीवर आणली. ऑस्ट्रेलियात घोड्यांचा ऋतू उलटा, म्हणून तिथे १ ऑगस्ट. माझं मत असं, की कनिष्ठांचा ३१ डिसेंबर इथूनच आला.

माणसांनी घोड्यांकडून उचललेलं हे पहिलंच नव्हे. हीट आणि हँडिकॅप ही मूळची घोड्यांची भाषा. बीडच्या अविनाश साबळेची स्टीपलचेस तर सरळसरळ घोड्यांची शर्यत. १८५० मध्ये ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजातली पोरं घोडी बाजूला ठेवून स्वतःच पायी धावली, तिथून ती माणसांत आली. त्याआधी १८०९ मध्ये कॅप्टन बार्कलेने हजार तासांत हजार मैल चालण्याची पैज जिंकली, ती न्यूमार्केटच्याच माळावर. सुरुवातीची तारीख बघा: १ जून! योगायोगच, पण मला सोडवत नाही.

माझ्या मताला खरा प्रतिस्पर्धी आहे लष्कराची बराक. फ्रान्सने १७९८ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा केला आणि विशीपासून पंचविशीपर्यंतच्या तरुणांचे वर्ग पाडले. विशीच्या आत पोर, विशीनंतर शिपाई. विसाचा आकडा इथे नेमका बसतो, आणि कनिष्ठ स्पर्धाही युरोपातच रुजली. हा युक्तिवाद वजनदार आहे, नाकारत नाही. पण मैदानी खेळांचे नियम घडले इंग्लंडात, आणि तिथे १९१६ पर्यंत सक्तीची भरती नव्हतीच. घोडे मात्र भरपूर होते.

तिसरा दावेदार शाळा, तो पहिल्याच फेरीत बाद. शाळेकडून तारीख आली असती, तर इंग्लंडच्या शालेय वर्षाप्रमाणे ३१ ऑगस्टची येती, आणि आपल्याकडे जूनची. उलट आपल्याच शालेय स्पर्धांच्या परिपत्रकांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांसाठी ‘१ जानेवारी रोजी किंवा त्यानंतर जन्मलेला’ असं छापून येतं.

म्हणजे आकडा बराकीचा आणि तारीख पागेतली, असा माझा निवाडा. न्यूमार्केट ते अथेन्स मधे दीडशे वर्षं आहेत. माझा तर्क असा, की पायी शर्यती भरवणारे, पैजा लावणारे आणि वेळ मोजणारे लोक घोड्यांच्या मैदानावरचेच होते. स्टीपलचेससोबत तारीखही त्यांनीच आणली.

या तारखेची किंमत पोरं मोजतात. जानेवारीचं मूल डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळपास वर्षाने थोराड, आणि चौदाव्या वर्षी तेवढ्यात हातभर फरक पडतो. कॅनडातल्या कनिष्ठ हॉकी संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी आहे, हे रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं. आपल्याकडे त्यावर दाखल्यांचा घोळ. जन्मनोंदणीचा कायदा १९६९ चा, तरी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवायची पाळी येतेच, आणि वयचोरीविरुद्ध २०१० मध्ये केंद्राला वेगळी राष्ट्रीय संहिता करावी लागली.

खानदेशातल्या एखाद्या जुन्या शाळेच्या कपाटात १९६४ च्या आधीचं क्रीडास्पर्धेचं परिपत्रक पडलेलं असेल, तर त्यात मुलांचं वय कोणत्या तारखेला मोजलंय, तेवढं मला कळवा. जून निघाला, तर माझा घोडा मी माघारी घेईन.