वापरणारे आणि देणारे : बेंगळुरूतल्या ओपन सोर्सची गोष्ट

आज बेंगळुरूबद्दल बोलू, पण तिथल्या बड्या आयटी कंपन्यांबद्दल नाही. दिवसभर नोकरी करून रात्री हौसेने स्वतःचा प्रोग्राम लिहायचा आणि कोडसकट जगाला देऊन टाकायचा, असं करणाऱ्यांबद्दल. अशा कामाला साइड प्रोजेक्ट म्हणतात. त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा अशी मुभा दिली, की ते ओपन सोर्स झालं.

या गोष्टीत एक मराठी नाव अगदी मध्यभागी आहे : अतुल चिटणीस. जन्म 1962 चा, बर्लिनमधला. इंजिनिअरिंग बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये, पुढे मुक्काम बेंगळुरूला. ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाशी ते जोडलेले होते आणि 1996 मध्ये त्या मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली. त्यात काय एवढं, असं आज वाटेल. हिशेब करून बघा. विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकाला इंटरनेट दिलं 15 ऑगस्ट 1995 रोजी. तेव्हाचा वेग धरा सेकंदाला 9.6 किलोबिट. 650 एमबीची भरलेली सीडी त्या वेगाने उतरवायला रात्रंदिवस सहा दिवस लागले असते, तेही फोनची लाइन मध्येच तुटली नाही तर! ते सगळं आता मासिकातून घरी येत होतं.

वापरणारे वाढले. 2001 च्या डिसेंबरात भारतीय विज्ञान संस्थेच्या टाटा सभागृहात ‘लिनक्स बेंगलोर’ ही परिषद भरली. 2005 पासून तिचं नाव ‘फॉस डॉट इन’ झालं. त्या वर्षी अ‍ॅलन कॉक्स आले होते. लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे त्याच्या गाभ्यावर, काम करणाऱ्यांतलं हे फार मोठं नाव.

मेख इथेच होती. सभागृह भरत होतं, पण ऐकणाऱ्यांनी. फुकट मिळालेलं सॉफ्टवेअर आनंदाने वापरणारे पुष्कळ, त्यात स्वतःच्या चार ओळी घालणारे थोडे. चिटणिसांना हे खुपत होतं आणि ते गोड बोलणाऱ्यांतले नव्हते. परिषदेचा रोख त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बदलला : ही जागा आता योगदान देणाऱ्यांची. 2008 मध्ये ‘वर्कआउट’ सुरू झाले. भाषण नाही; एखाद्या प्रोजेक्टची मंडळी लॅपटॉप उघडून एकत्र बसणार, ठरवलेलं काम तिथल्या तिथे करणार.

यावर नाराजी झालीच. नवख्यांना दार बंद झाल्यासारखं वाटलं. मला विचाराल तर चिटणिसांचं निदान शंभर टक्के बरोबर होतं, औषध मात्र कडक होतं. कर्नलमध्ये पॅच पाठवायचा तर अनोळखी तज्ज्ञांपुढे, ईमेलवर, सर्वांसमक्ष परीक्षा द्यायची. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने पहिली पायरी म्हणून एवढी उंच उडी का मारावी? त्याला आधी स्वतःचं लहानसं काहीतरी दाखवायला जागा हवी होती.

ती जागा बेंगळुरूबाहेर तयार होत होती. त्याच 2008 मध्ये गिटहब सुरू झालं. तुमचा प्रोग्राम एका संध्याकाळी तिथे ठेवा, परवानगी कुणाची नको. फॉस डॉट इन शेवटची भरली 2012 मध्ये, निम्हान्सच्या सभागृहात. 3 जून 2013 रोजी चिटणीस कर्करोगाने गेले. वय अवघं 51.

पुढची पिढी त्या दुसऱ्या वाटेने आली. कैलाश नाध यांचंच बघा. बेंगळुरूच्या झिरोधाचे ते तंत्रज्ञानप्रमुख. 2010 मध्ये त्यांनी ‘ओळम्’ हा इंग्रजी-मल्याळम शब्दकोश हौसेने सुरू केला. 2019 मध्ये आलं ‘लिस्टमंक’. हजारो वाचकांना वार्तापत्र पाठवण्याचा हा प्रोग्राम कुणीही आपल्या सर्व्हरवर बसवू शकतो. (मराठीत असा कोश हौसेने कुणी खुला केला, तर मला जरूर कळवा.) आणि 2022 मध्ये ‘इंडियाफॉस’ ही परिषद भरली ती त्याच निम्हान्सच्या सभागृहात.

आता दाखवणं सोपं झालंय. जड जातं ते सांभाळणं. प्रोग्राम लोकांना आवडला की तक्रारी येतात, सुरक्षेच्या त्रुटी निघतात, आणि नोकरी करून हे निस्तरणारा माणूस बहुतेक वेळा एकटाच असतो. ऑक्टोबर 2024 मध्ये झिरोधाने जगभरच्या अशा प्रोजेक्टांसाठी वर्षाला 10 लाख डॉलरचा निधी जाहीर केला. ज्या शहरात सीडी वाटून सुरुवात झाली, तिथून आता हे पैसे बाहेर जाताहेत.