हरवलेल्या वाणीचा शोध: पॅरिसपासून हैदराबादपर्यंत

१८६१ च्या एप्रिलमध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न्य नावाच्या रुग्णाचा मृत्यू झाला. दोन दशके त्याच्या तोंडून ‘तां’ या एका अक्षराखेरीज जवळपास काहीच उमटत नसे. इतरांचे बोलणे मात्र त्याला बरेचसे कळत असे. शवविच्छेदनात पॉल ब्रोका यांना त्याच्या मेंदूच्या डाव्या गोलार्धाचा पुढील भाग क्षतिग्रस्त आढळला. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी, बोलणे ओघवते राहूनही आकलन हरपते अशा रुग्णांचे वर्णन केले. भाषेचा नकाशा असा हानीतून रेखाटला गेला. पण गेलेली भाषा परत कशी आणावी?

एक वाट सरावाची होती. बोलता न येणारे काही रुग्ण गाऊ शकतात, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्या निरीक्षणावर अमेरिकेत १९७३ मध्ये स्वराघात आणि चाल यांच्या आधारे वाक्ये शिकवण्याची पद्धत मांडली गेली.

दुसरी वाट भौतिकशास्त्रातून आली. बदलते चुंबकीय क्षेत्र वाहकात विद्युतप्रवाह निर्माण करते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवले होते. १९८५ मध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी तेच तत्त्व वापरून, कवटी न उघडता मेंदूतील चेतापेशी उद्दीपित केल्या. २००० मध्ये ग्योटिंगेन येथे निट्शे आणि पाउलुस यांनी दाखवले की, डोक्यावरील इलेक्ट्रोडमधून दिलेला सुमारे एक मिलिअँपिअरचा प्रवाहही मेंदूची उद्दीपनक्षमता बदलतो. हा प्रवाह पेशींना थेट प्रज्वलित करत नाही, केवळ त्यांचा कल बदलतो. म्हणूनच तो सरावाला पर्याय ठरत नाही, फार तर साहाय्यक ठरतो.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत वाचाघाताच्या ७४ रुग्णांना सरावासोबत खरा किंवा लटका प्रवाह देण्यात आला. खरा प्रवाह मिळालेल्यांची शब्द आठवण्यातील सुधारणा सरासरीने अधिक होती. तथापि, हा मार्ग पुढे तपासण्याजोगा आहे की नाही, एवढेच ठरवण्यासाठी त्या चाचणीची आखणी होती. तिला उपचाराची सिद्धता मानणे घाईचे ठरेल.

भारताने या इतिहासात वेगळा प्रश्न जोडला. सुवर्णा अल्लादी व सहकाऱ्यांनी हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील, रक्तवाहिनी तुंबून झटका आलेल्या ६०८ रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: झटक्यानंतर बोधनक्षमता सामान्य राहिलेल्यांचे प्रमाण द्विभाषिकांत ४०.५ टक्के, तर एकभाषिकांत १९.६ टक्के होते. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. दोन भाषांत वावरणे हाच जणू आयुष्यभराचा बौद्धिक व्यायाम; परंतु तो वाणीला अभय देत नाही.

येथूनच खरी कसोटी सुरू होते. घरी तेलुगू, बाजारात दख्खनी आणि कार्यालयात इंग्रजी बोलणाऱ्या माणसाची वाचा गेली, तर सराव कोणत्या भाषेत द्यावा? इंग्रजीसाठी रचलेली चाचणी केवळ भाषांतरित करून भागत नाही; शब्दांची परिचितता आणि व्याकरणाची घडण प्रत्येक भाषेत निराळी असते. विद्युतप्रवाहाला भाषा नसते. सरावाला मात्र ती असावीच लागते. रुग्णाच्या स्वतःच्या भाषेतील चाचण्या आणि प्रशिक्षित वाचोपचारतज्ज्ञ नसतील, तर सर्वोत्तम यंत्रही केवळ डोक्यावरची तार ठरेल.