तरंगती घोडी

तंतुवाद्याची घोडी म्हटली कीं ती अचल असावयाची, अशी आपली समजूत असते. तानपुऱ्याची घोडी जागची हलूं लागली तर सुरांचें काय होईल, हें सांगावयास नको. परंतु अमेरिकेंत कॅलिफोर्निया राज्यांतील फुलर्टन गांवीं लिओ फेंडर यांनीं १९५४ सालीं ‘स्ट्रॅटोकास्टर’ नांवाची जी विजेची गिटार विक्रीस आणली, तिची घोडी मुद्दामच हलती ठेविली होती. हे गृहस्थ स्वतः वादक नव्हते. मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे.

दांड्यानें तारा हेलकावून सूर डोलविण्याची हौस त्यापूर्वींचीच आहे. डॉक कॉफमन यांनीं १९३० च्या दशकांत तसें साधन केलें होतें. पण त्यांत तारा घोडीवर घासत सरकत, आणि दांडा सोडल्यावर मूळ सुरावर नेमक्या परततीलच असा भरंवसा नसे. फेंडर यांनीं घोडी व तारांचीं टोकें एकाच जोडणींत बसविलीं. पुढील कड सहा स्क्रूंवर टेकलेली. खालीं लाकडांतून आरपार जाणारा धातूचा ठोकळा. त्यास पाठीमागून स्प्रिंगा. एकीकडून तारा ओढतात, दुसरीकडून स्प्रिंगा. सहा तारांची मिळून ओढ ४० किलोंच्या आसपास! दोन्ही ओढी सारख्या झाल्या म्हणजे घोडी अधांतरीं तरंगते. दांडा दाबला कीं सूर उतरतो, उचलला कीं चढतो.

१९५६ सालीं मंजूर झालेल्या पेटंटांत या योजनेस ‘ट्रेमोलो’ म्हटलें आहे. वस्तुतः तो शब्द आवाज लहानमोठा होण्यास लावतात. सुराच्या चढउतारास ‘व्हायब्रॅटो’ म्हणावयास हवें. उत्तरपत्रिकेंत असें लिहिणाऱ्याचे गुण आम्ही खास कापले असते. रूढ मात्र तेंच झालें.

आतां ही घोडी जुळविण्याचा प्रकार पाहा. एक खुंटी पिळून तार चढवावी, तों घोडी किंचित् पुढें कलते आणि उरलेल्या पांचही तारा उतरतात. त्या चढवाव्या, तर पहिली पुन्हा उतरलेली! नवशिका येथें रडकुंडीस येतो व बिचाऱ्या खुंट्यांना दोष देतो. म्हणून सर्व तारा फेऱ्याफेऱ्यांनीं, थोड्याथोड्या जुळवीत जावें लागतें. सूर जमल्यावर घोडीची मागची कड पाहावी. ती व लाकूड यांत एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारें ३ मिलिमीटर फट असावी, असें फेंडर कारखान्याचें मार्गदर्शन आहे. फट अधिक दिसली तर तारा वरचढ झाल्या. मग पाठीमागील दोन स्क्रू जरासे आवळून स्प्रिंगांची ओढ वाढवावी. फट कमी असेल तर तेच सैल करावे, आणि पुन्हा खुंट्यांकडे वळावें. जाड तारा बसविल्या कीं सारा हिशेब नव्यानें मांडावयाचा. भर मैफलींत एक तार तुटली, तर स्प्रिंगांचें पारडें जड होऊन बाकीच्या पांचही तारा एकदम चढतात.

एरिक क्लॅप्टन यांनीं लाकडी पाचर बसवून आपल्या गिटारीची घोडी स्थिर करून टाकली, यांत नवल नाहीं. उलट, जिमी हेंड्रिक्स यांनीं १९६९ सालीं वुडस्टॉक येथें याच दांड्याच्या साहाय्यानें अमेरिकेच्या राष्ट्रगीतांतून बाँबगोळ्यांचे आक्रोश उठविले. अचल घोडीवर तें साधतें ना.

पुढें फ्लॉइड रोझ यांनीं तारा दोन्ही टोकांस घट्ट आवळून धरिल्या आणि घोडी सुरीसारख्या धारेवर टेकविली; त्यांस १९७९ सालीं पेटंट मिळालें. तारा घसरण्याचें दुखणें त्यामुळें बरेंच हटलें. ओढींचा तराजू मात्र तसाच राहिला. तार तुटली कीं त्याही तरंगत्या घोडीवर उरलेल्या पांच तारा आजही चढतातच.