क्षमेची एक हकीकत

देवस्थानांच्या मानपानाचे दावे पाहिलेल्या वकिलास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पालखीस पहिला खांदा कोणाचा, हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालेल. परंतु सभामंडपात चारचौघांदेखत ‘माझे चुकले’ एवढे म्हणण्यास सहसा कोणी सिद्ध नसतो. म्हणूनच ज्या समाजास ना देऊळ, ना गाव, ना महाजनांचे दफ्तर, अशा एका समाजाची हकीकत मला मननीय वाटते.

१९८७ साली ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांस शिकविण्यासाठी ‘मिनिक्स’ ही संगणकप्रणाली रचली व तिच्यावर ग्रंथ लिहिला. हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने ग्रंथद्वाराच त्यांचे शिष्यत्व पत्करले. ऑगस्ट १९९१ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मिनिक्सच्या अभ्यासकांच्या चर्चामंडळास त्याने कळविले की, आपण एक मोफत प्रणाली रचीत आहोत. तो केवळ छंद आहे, फार मोठे असे काही नव्हे. नवागतास शोभेल अशीच ही भाषा होती.

२९ जानेवारी १९९२ रोजी त्याच मंडळात टॅनेनबॉम यांनी ‘लिनक्स कालबाह्य आहे’ अशा मथळ्याचे पत्र प्रसिद्ध केले. आक्षेप शास्त्रीय होता. प्रणालीचा गाभा लहान ठेवून बाकीची कामे वेगळी करावीत. या तरुणाने सारे एकाच ठोकळ्यात कोंबले आहे, शिवाय ते एकाच जातीच्या यंत्रास जखडले आहे, असे त्यांचे म्हणणे. तू माझा विद्यार्थी असतास तर अशा रचनेस चांगले गुण मिळाले नसते, असेही त्यांनी पुढे सुनावले. टोरवाल्ड्सचे पहिले उत्तर त्याच दिवशी गेले, आणि ते मिनिक्सचे दोष काढता काढता प्राध्यापकीवरही घसरले.

एका परिचिताने त्यास खाजगी पत्र लिहून, ही रीत नव्हे, असे स्नेहाने समजाविले. दुसऱ्याच दिवशी टोरवाल्ड्सने त्याच मंडळात, सर्वांदेखत क्षमा मागितली, आणि त्या परिचिताचे आभारही मानले. येथे वकिलाने ध्यानात घ्यावे असे काही आहे. त्याने आपला शास्त्रीय पक्ष सोडला नाही. काही आक्षेप रास्त आहेत, एवढेच मान्य केले. चूक कबूल केली ती शिष्टाचाराची. लेखक तापट निघाला म्हणून कोणी लिनक्सपासून दूर जाऊ नये, अशी इच्छाही त्याने प्रकट केली. अपराधाची झळ प्रतिपक्षापेक्षा दाराशी उभ्या असलेल्या नवख्यास अधिक लागते, हे त्यास उमगले होते असे दिसते.

पुढे २००४ साली एका अमेरिकी संस्थेच्या अध्यक्षाने, एकट्या विद्यार्थ्याच्या हातून असे काम होणे शक्य नाही, ते मिनिक्सवरूनच उचललेले असावे, असा संशय घेतला व त्यासाठी ॲम्स्टरडॅम गाठले. टॅनेनबॉम यांनी मे महिन्यात जाहीर निवेदन केले: लिनक्स टोरवाल्ड्सने स्वतःच लिहिले आहे. रचनेविषयीचे आपले जुने मत मात्र त्यांनी कायम ठेवले. प्रतिपक्षाच्या तोंडची अनुकूल साक्ष! आमच्या व्यवसायात याहून भक्कम पुरावा क्वचितच मिळतो.

स्वभाव मात्र सहजासहजी पालटत नाही. समाज हजारोंचा झाला, आणि टोरवाल्ड्सच्या तिखट पत्रांनी काही जण दुखावून निघूनही गेले. १६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याने पुन्हा जाहीर क्षमा मागितली आणि इतरांच्या भावना समजून घेण्यास शिकावे म्हणून काही काळ रजा घेतली. त्याच सुमारास नवी आचारसंहिता आली. तिच्यावर कडाक्याचे वाद झाले. ते येथे उगाळीत नाही.

चालू आवृत्तीचे काम ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी सांभाळले. २२ ऑक्टोबरला ती प्रसिद्ध करताना त्यांनी सर्वांस विनविले की, एक-दोन दिवस विश्रांती घ्या, मित्रांसमवेत जेवा आणि मग कामास लागा. आपल्याकडील पंगतीची आठवण व्हावी असाच हा सल्ला! त्याच पत्राने त्यांनी सारा कारभार टोरवाल्ड्सच्या स्वाधीन परत केला.